अकरा महिन्यांचा करार आणि तीन वर्षांची शाळा

बेळगाव शहरात हायस्कूलजवळ भाड्याची खोली मिळवणे हा आपण आजवर घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला खासगी मामला मानत आलो आहोत. भाडे परवडले तर राहावे, नाही तर दुसरीकडे बघावे. यात शिक्षण खात्याचा, महापालिकेचा किंवा शाळा चालवणाऱ्या संस्थेचा काही संबंध येतो असे कुणाला वाटत नाही. परंतु खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून, बेळगाव तालुक्याच्या टोकाच्या गावांतून आणि सीमेपलीकडच्या चंदगडातूनही जी कुटुंबे केवळ मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड करतात, त्यांच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. त्यांच्या दृष्टीने ती खोली शाळेचाच भाग असते. खोली सुटली की शाळाही सुटते. आणि ज्या कागदाच्या आधारावर ती खोली त्यांच्या ताब्यात असते, तो कागद शाळेच्या वेळापत्रकाशी अजिबात जुळत नाही, ही या प्रश्नातली सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

ही कुटुंबे शहरात का येतात, हे आधी नीट पाहिले पाहिजे. गावची शाळा सातवीला, फार तर आठवीला संपते. पुढचे हायस्कूल आसपासच्या मोठ्या गावात असते, पण तिथे जाणारी बस ठरलेल्या वेळेला येईलच असे नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर आलेली बस परत जाईल याचीही खात्री नसते. भीमगड अभयारण्यातल्या वस्त्यांना मुळात रस्त्याचीच वानवा आहे. मराठी माध्यमाचे हायस्कूल हवे असेल तर पर्याय आणखी आक्रसतात. अर्थात, शहरात येणारे सगळेच मराठी माध्यमासाठी येतात असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. बरेच पालक इंग्रजी माध्यमासाठी येतात, काही जण दहावीनंतरच्या सायन्सची आणि शिकवणी वर्गांची पायाभरणी म्हणून येतात, आणि त्याच गल्लीत बैलहोंगल-सौंदत्तीकडून आलेले कन्नड भाषक कुटुंबही अगदी त्याच कारणासाठी शेजारच्या खोलीत राहत असते. भाडे मागताना मालक भाषा पाहून रक्कम ठरवत नाही, एवढी समता आपल्या शहरात आहे.

कायद्याचा हात नेमका कुठे सुटतो, तेही पाहण्यासारखे आहे. घटनेच्या ३५०-अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण देण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली, पण ती प्राथमिक टप्प्यापुरती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना हमी दिली, म्हणजे ती आठवीला संपली. माध्यमिक शाळा ५ किलोमीटरच्या आत असावी, हे उद्दिष्ट राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने त्याच वर्षी जाहीर केले. परंतु उद्दिष्ट म्हणजे हक्क नव्हे, आणि घाटमाथ्यावरच्या वाडीतले ५ किलोमीटर म्हणजे शहरातल्या काँग्रेस रोडवरचे ५ किलोमीटर नव्हेत. थोडक्यात, ज्या वयात मुलाला गाव सोडावे लागते, जवळपास त्याच वयात सरकारची हमी संपते आणि घरमालकाच्या मर्जीचा कारभार सुरू होतो.

आता त्या कागदाकडे वळू. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचे भाडेपत्र नोंदवलेच पाहिजे, असे १९०८ चा नोंदणी कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतात. नोंदणीचा खर्च आणि खेटे टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांचा करार करण्याची वहिवाट पडली, ती बेळगावातही आहे. कर्नाटकातले हायस्कूल मात्र आठवी ते दहावी असे तीन वर्षांचे असते. समजा, एखाद्या कुटुंबाने मुलगी आठवीत गेली तेव्हा १ जूनपासून खोली घेतली. पहिला करार ३० एप्रिलला संपतो. परीक्षा झालेली असते, सुट्टी लागलेली असते, काही बिघडत नाही. दुसरा करार १ मेपासून सुरू होऊन ३१ मार्चला संपतो, म्हणजे नववीच्या परीक्षेच्या धामधुमीत; तरी कसेबसे निभते. तिसरा करार १ एप्रिलला सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस संपतो. एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या बोर्डाची, मुख्य परीक्षा मार्चमध्ये सुरू होते. ज्या परीक्षेसाठी हे सगळे बिऱ्हाड मांडले, तिच्या तोंडावर भाडेकरूच्या हातातला कागद निरुपयोगी होतो, आणि हे कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर निव्वळ बारातून अकरा वजा केल्यामुळे होते.

जे कुटुंब जास्त दक्षता घेते त्याचे हाल तर अधिक होतात. मे महिन्यात खोल्यांवर उड्या पडतात म्हणून जो बाप एप्रिलमध्येच येऊन आगाऊ भाडे भरतो, त्याचा करार पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत संपतो. मुदत संपल्यावरही राहू दिले तर ती वहिवाट महिन्या-महिन्याची समजली जाते, आणि अशा वहिवाटीला करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस पुरते. मालकाच्या मनात असले-नसले तरी त्याच्या हातात त्या दिवसांत विलक्षण ताकद येते. भाडेवाढीची गोष्ट नेमकी फेब्रुवारीत का निघते, याचे उत्तर यात आहे.

वडगावच्या विणकर वस्तीतल्या एका घरात मी हे जवळून पाहिले. रस्त्याच्या बाजूला मालकाचे माग आणि मागच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे दिवसभर पॉवरलूमची खडखड चाले, त्यामुळे दहावीतली मुलगी माग थांबल्यावर, म्हणजे रात्रीच पुस्तक घेऊन बसे. वडील गोव्यात कामाला, आई रोप लावणीपासून सुगीपर्यंत गावाकडे, आणि शहरातल्या खोलीत मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि आजी. तांदळाचे पोते गावाहून बसच्या टपावरून यायचे. फेब्रुवारीत मालकांनी खोली सोडायला सांगितले. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि त्यांना जागा खरोखरच हवी होती. "पोरीची परीक्षा हाय वो मामा, तेवढी सरू दे की," एवढेच आजी म्हणाल्या. मालक भला माणूस होता, त्याने महिनाभर थांबू दिले, मात्र त्या महिन्याचे भाडे वाढवून घेतले. मुलीची परीक्षा पार पडली. पण एखाद्या विद्यार्थिनीचे दहावीचे वर्ष घरमालकाच्या भलेपणावर अवलंबून असावे, हीच व्यवस्थेतली चूक आहे. भल्या मालकाच्या गोष्टी सांगून ती झाकता येत नाही.

घरमालकांची बाजू मी हलकी मानत नाही. या जिल्ह्यात मालकांच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती आहे तिला इतिहास आहे. जमीन सुधारणा कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात कुळांकडच्या जमिनी १ मार्च १९७४ पासून सरकारजमा झाल्या आणि पुढे कुळांच्या नावावर चढल्या. त्या कायद्याने असंख्य गरिबांना जमीन मिळाली, हे योग्यच झाले. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात 'कूळ लावू नये' हा धडा तीन पिढ्या टिकला आणि तो शेतातून घराच्या खोल्यांपर्यंत आला. शहराच्या जुन्या गल्ल्यांत १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आश्रयाने नाममात्र भाड्यात बसलेल्या भाडेकरूंच्या कहाण्या आहेतच. तेव्हा तीन वर्षे राहू दिले की माणूस कायमचा बसेल, अशी भीती वाटते. ही भीती आजच्या कायद्यात मात्र बसत नाही. भाडेकरू कितीही वर्षे राहिला तरी तो मालकाच्या परवानगीने राहतो, त्यामुळे केवळ बारा वर्षे उलटली म्हणून घर त्याचे होत नाही. शिवाय २००१ च्या अखेरीस अमलात आलेला १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा मोठ्या शहरांत दरमहा ३,५०० रुपयांपर्यंतच्या आणि इतरत्र २,००० रुपयांपर्यंतच्या घरांनाच लागू होतो. टिळकवाडीत किंवा भाग्यनगरात शाळेजवळच्या बऱ्यापैकी दोन खोल्या या रकमेत मिळण्याचे दिवस कधीच गेले. म्हणजे आजचा बहुतेक भाडेकरू त्या कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहे आणि मालक मात्र अजून त्याच कायद्याला भिऊन आहे, असा हा विचित्र प्रकार आहे.

या भीतीतूनच चौकश्यांची सरबत्ती सुरू होते. आडनाव विचारले जाते, घरात मांसाहार होतो का विचारले जाते, आणि आई एकटीच मुलांना घेऊन राहणार असेल तर 'मालक कुठे असतात?' हा नवऱ्याविषयीचा प्रश्न हमखास येतो. ज्या तालुक्यांतून फौजेत जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि कामासाठी गोव्याची वाट रोजची आहे, तिथल्या बायकांना हा प्रश्न पुनःपुन्हा झेलावा लागतो. फौजी कुटुंबांना गणेशपूर-हिंडलग्याकडे तुलनेने सहज खोली मिळते, कारण तिथल्या मालकांना दर महिन्याच्या पगाराचा भरवसा असतो. विधवेला किंवा मुस्लिम कुटुंबाला तसे दार उघडत नाही. कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी सीमाभागातले मराठी लोक निषेध म्हणून जो काळा दिन पाळतात, त्याच्या फेरीत दर १ नोव्हेंबरला मराठी शाळांच्या अस्तित्वासाठी घोषणा देणाऱ्या आपल्यातलेही अनेक जण घरमालक आहेत. त्या शाळेत पट टिकवायला जी मुले गावाहून येतात, त्यांनाच आपण 'फॅमिली छोटी पाहिजे, पोरं दंगा करतात' म्हणून परत पाठवतो, हे कुणी तरी बोलले पाहिजे.

डिपॉझिटचा प्रश्न वेगळा आणि अधिक टोचणारा आहे. वर्षाचे पीक विकून जो पैसा हातात येतो, त्यातला मोठा हिस्सा डिपॉझिट म्हणून अडकतो आणि सोडताना रंगकाम, नळ, फरशी अशा नावांनी तो कातरला जातो. कर्नाटकात 'लीज'ची जी पद्धत आहे, म्हणजे दोन-तीन वर्षांसाठी मोठी रक्कम एकदम देऊन दरमहा भाडे न देण्याची, ती मुदतीच्या दृष्टीने हायस्कूलला सोयीची आहे खरी. पण एवढी रक्कम ज्याच्याकडे आहे तो शेतकरी मुळात या अडचणीत नसतो, आणि लेखी नोंदणीशिवाय दिलेली ती रक्कम परत मिळवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू नये, असे म्हटले आहे. तो केवळ नमुना आहे; घरभाड्यासंबंधी कायदा करणे राज्याच्या अखत्यारीत येते. त्या नमुन्यातल्या सगळ्याच गोष्टी भाडेकरूच्या बाजूच्या नाहीत, पण हे एक कलम बेळगावच्या गल्लीत उद्या लागू झाले तर शेकडो कुटुंबांना दम घ्यायला जागा मिळेल.

सरकारी सवलतींचे काय, असे कोणी विचारील. राज्याच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंतची वीज भाडेकरूलाही मोफत मिळू शकते, परंतु मागच्या अंगाच्या दोन खोल्यांना स्वतंत्र मीटरच नसतो. मालकाच्या मीटरवरून तार ओढलेली असते आणि विजेचे पैसे तो आपल्या अंदाजाने घेतो. विद्यार्थी वसतिगृहे आहेत, पण ती अपुरी पडतात. त्यात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी राज्याची विद्यासिरी ही योजना आहे, जी राहण्या-जेवणासाठी वर्षातून दहा महिने दरमहा ठरावीक रक्कम देते. मात्र ती दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी. चौदा वर्षांच्या मुलाला भूक आणि छप्पर सोळा वर्षांच्या मुलापेक्षा कमी लागते, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे कोण जाणे. ही योजना आठवीपासून, आणि घरापासून हायस्कूलच्या अंतराची अट घालून लागू करावी, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी विधानसौधात केली तर तिला भाषिक रंग नसेल आणि म्हणूनच ती नाकारणे अवघड जाईल.

आपल्या पूर्वसुरींना हा प्रश्न आपल्यापेक्षा चांगला कळला होता. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली, ती शाळा कमी होत्या म्हणून नव्हे, तर खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोचून रात्री कुठे झोपणार, हा प्रश्न त्यांना शाळेइतकाच महत्त्वाचा वाटला म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही वसतिगृहाला शिक्षणाचा कणाच मानले. शंभर वर्षांनंतर बेळगावातल्या आपल्या शिक्षणसंस्थांच्या इमारती उंचावल्या, सभागृहे वातानुकूलित झाली, पण हायस्कूलच्या मुलामुलींसाठी वसतिगृह चालवणे हा कटकटीचा धंदा म्हणून बाजूला राहिला. वॉर्डन, स्वयंपाकी, मुलींची सुरक्षितता, रात्रीचे आजारपण या जबाबदाऱ्या संस्थांना नको असतात. त्या त्यांनी नकळत वडगावच्या मालकावर आणि गावाकडच्या आजीवर ढकललेल्या आहेत. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली तेव्हा रस्ते, दिवे, उद्याने यांची चर्चा झाली. शिकायला आलेल्या मुलांच्या निवाऱ्याचा विषय त्यात कुठे आला असेल तर माझ्या कानावर आला नाही.

वसतिगृह उभे राहायला वर्षे लागतात, हे मान्य. पण शाळांना एक काम याच वर्षी करता येण्यासारखे आहे. दर एप्रिलमध्ये दहावीची तुकडी शाळा सोडते आणि तिच्यातल्या गावाकडच्या कुटुंबांनी घेतलेल्या खोल्या रिकाम्या होतात. नेमक्या त्याच दिवसांत आठवीच्या प्रवेशासाठी नवी कुटुंबे शाळेच्या कार्यालयात उभी असतात. एकाला जे माहीत आहे तेच दुसऱ्याला हवे असते, आणि दोघेही एकाच कारकुनासमोर येऊन जातात. तिथे एक वही ठेवली, तीत खोलीचा पत्ता, शेवटचे भाडे, डिपॉझिट परत मिळाले की नाही आणि पाण्याची सोय एवढे लिहून घेतले, तर एजंटाचे एका महिन्याचे कमिशन वाचेल आणि डिपॉझिट बुडवणारा मालक आपोआप उघडा पडेल. शाळेने यात मध्यस्थी करायची नाही, हमी द्यायची नाही, माहिती ठेवायची. यालाही 'आमचे काम नव्हे' असे उत्तर मिळेल, याची मला कल्पना आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी घरभाड्याची वाटत नाही पण आहे. खानापूर बेळगावपासून जेमतेम २५ किलोमीटर. त्या रस्त्यावरच्या कित्येक गावांतल्या मुलांना मुळात खोलीची गरजच नाही. त्यांना शाळेच्या घंटेआधी पोचवणारी आणि शाळा सुटल्यावर घरी नेणारी बस हवी आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायका-मुलींचा प्रवास मोफत झाला आणि मुलींसाठी तो मोठाच आधार ठरला. मात्र गाड्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही, आणि भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे जाते, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. मुलगा-मुलगी पहिल्या तासाला वेळेवर पोचावीत म्हणून बाप दोन खोल्यांचे भाडे भरतो, तेव्हा तो खरे तर न आलेल्या बसचे तिकीट भरत असतो. परिवहन महामंडळाने हायस्कूलच्या वेळा विचारून दोन-चार फेऱ्या वाढवल्या तर खोल्यांवरचा ताण जितका कमी होईल तितका कोणत्याही भाडेकायद्याने होणार नाही, आणि मग ज्यांना दूरवरून येणे भागच आहे त्यांना खोली थोडी स्वस्त मिळेल.

ज्यांना खोली घ्यावीच लागते त्यांच्यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. कोर्टाच्या आवाराजवळ टंकलेखकांकडे आणि बाँड रायटरकडे भाडेकराराचा एक ठरलेला मसुदा असतो. नावे, रक्कम आणि तारीख बदलून तोच छापून दिला जातो, आणि दोन्ही पक्ष तो न वाचता सही करतात. त्या मसुद्यात दोन वाक्यांची भर घालता येते. पहिले असे, की भाडेकरूचे मूल आठवी ते दहावीत शिकत असेल तर मुदतवाढीचा प्रत्येक नवा करार १ जूनलाच सुरू होईल आणि मधला मे महिना ठरलेल्या भाड्यावर स्वतंत्र परवानगीने राहण्याचा समजला जाईल. दुसरे असे, की दहावीच्या वर्षात एसएसएलसीची मुख्य परीक्षा संपून पंधरा दिवस होईपर्यंत भाडेवाढ होणार नाही आणि खोली सोडण्याची नोटीस दिली जाणार नाही, मात्र भाडे थकले तर ही सवलत राहणार नाही. यात मालकाचा हक्क जात नाही, नोंदणीचा खर्च वाढत नाही आणि अकरा महिन्यांची वहिवाटही मोडत नाही. मराठी संघटनांच्या कार्यालयांत आणि वकील मंडळींत हा मसुदा मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत तयार करून देणारी माणसे आहेत. तो मार्चच्या आत त्या टंकलेखकांच्या टेबलांवर पोचायला हवा, कारण एप्रिलमध्ये सह्या सुरू होतात.